सर्वांत आवडते बावीस

उन्मेष खांबेटेला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्याच्या परदेशातल्या, सेरंगूनच्या कॉन्डोत, देव्हाऱ्याखालच्या खणात, प्लास्टिकच्या कप्प्यांच्या एका जाड फायलीत एकवीस म्हाताऱ्या बेसबॉलपटूंची सही केलेली कार्डं होती आणि बाविसाव्या कार्डापायी त्याची झोप उडाली होती.

कारण ग्रेग डॉइल. डॉइल हा रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातला त्याचा साहेब, अमेरिकेतल्या हॅरोफील्ड नावाच्या एवढ्याशा गावचा. त्या गावाची हेरन्स नावाची टीम १९७८ साली काय ती एकदाच जिंकली. डॉइल तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानंतर आपल्या आयुष्यात तसं काही घडलं नाही, असं तो दर लंचला सांगायचा आणि त्याच्या हाताखालचे सगळे ते दर वेळी पहिल्यांदा ऐकायचे. आता हा डॉइल डिसेंबरात मायदेशी परतणार होता आणि जाण्याआधी आपल्या खुर्चीत कोणाला बसवायचं ते ठरवणार होता. उमेदवार दोन. एक प्रकाश, एक उन्मेष. प्रकाश काम करायचा. उन्मेषने कार्डं जमवायला घेतली.

उद्योग तसा सोपा. जुन्या टीमची कोरी कार्डं इंटरनेटवर मिळतात. खेळाडूचा पत्ता हुडकायचा, त्याला कार्ड आणि पत्र धाडायचं, सोबत आपला पत्ता घातलेलं परतीचं पाकीट, त्यावर अमेरिकेचे स्टँप. स्टँप न्यू जर्सीच्या मावसबहिणीने पुरवले. म्हातारे सही करून पाठवतात. त्यांना तरी आता कोण विचारतंय. खरे हौशी लोक प्रत्येक पत्र हाताने लिहितात. उन्मेष आयटीतला. एकदा केलेलं काम पुन्हा करणं हा त्यांच्यात गुन्हा. त्याने एकच पत्र लिहिलं, नावाची जागा मोकळी सोडली आणि बावीस प्रती काढल्या.

पत्र मात्र फक्कड होतं. 'माझे वडील मनोहर खांबेटे पुण्यात अंथरुणाला खिळून आहेत. १९७८ साली ते रात्र रात्र जागून रेडिओवर तुमच्या मॅच ऐकत. सगळ्या टीममध्ये तुम्ही, फक्त तुम्ही, त्यांचे सर्वांत आवडते खेळाडू. तुमची सही पाहून ते सुखाने डोळे मिटतील.'

१९७८ साली मनोहरराव टेलिफोन खात्यात होते आणि रेडिओ लावायचे तो सकाळी घड्याळ जुळवायला. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते दगडासारखे ठणठणीत होते. पुण्यात वगैरे नव्हते, तीन आठवड्यांपूर्वी लेकाकडे आले होते. आले ते मात्र व्हीलचेअरवरून. तिकिटात तशी खूण उन्मेषनेच केली होती. आईबापांना व्हीलचेअर लिहिली की इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. रांग संपल्यावर मनोहरराव खुर्चीतून उठले होते आणि दोन्ही बॅगा स्वतः उचलून चालू लागले होते.

२०१४च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी उन्मेषने डॉइलला जेवायला बोलावलं. तिथेच फाईल द्यायची आणि खुर्ची घ्यायची. एकच कप्पा रिकामा होता, बर्ट लेहमनचा. हा हेरन्सचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर म्हणा. त्याचंच तेवढं उत्तर नव्हतं.

शनिवारी उन्मेषने विषय काढला. "बाबा, उद्या साहेब येतोय. त्याला मी सांगितलंय की तुम्ही जरा आजारी असता."

"जरा म्हणजे किती?"

"बरेच."

"अरे नीट सांग ना बाबांना," त्याची बायको विभा पुरण वाटता वाटता म्हणाली. "अंथरुणाला खिळलेत, लेकाला भेटायला कसेबसे आणलेत, म्हणून. म्हणजे त्यांना कळेल कुठवर मरायचंय ते."

"विभा, तू गप्प बस."

मनोहररावांनी थोडा विचार केला. "उठून बसता येतं का मला?"

"बसा. पण जेवा कमी."

"पुरणपोळी आहे. कमी नाही जमायचं. हवं तर खोकतो."

त्यांची दहा वर्षांची जाई टॅब्लेटवरून मान न उचलता इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, ओन्ली कफ नॉट इनफ लाह. शाल मस्ट."

"शाल घेतो," आजोबा म्हणाले.

बाप इतका सहज मरायला तयार झाला, तेव्हाच उन्मेषला शंका यायला हवी होती. पण खुर्ची दिसत असली की माणसाला बाप दिसत नाही.

रविवारी डॉइल आला. मनोहरराव शाल पांघरून टेबलाशी बसले, दोनदा खोकले आणि तीन पोळ्या खाल्ल्या. मग उन्मेषने फाईल पुढे केली. डॉइल एकेक पान उलटू लागला. दहाव्या पानाला त्याने चष्मा काढून पुसला. शेवटच्या पानावर थांबला.

"लेहमन नाही?"

"सर, त्याचं उत्तर—"

"आलंय," मनोहरराव त्यांच्या सावकाश, खात्यातल्या इंग्रजीत म्हणाले. त्यांनी शालीखालून पाकीट काढलं. "शुक्रवारी आलं. वर माझं नाव होतं, मी फोडलं."

पाकीट डॉइलने घेतलं, आणि उन्मेषचा हात पोचायच्या आत मोठ्याने वाचायला लागला.

'प्रिय मनोहर, आम्ही हेरन्सवाले दर सप्टेंबरात नाश्त्याला भेटतो. यंदा मी ऐटीत तुमच्या मुलाचं पत्र बाहेर काढलं. म्हटलं, बघा, भारतात माझा एक चाहता आहे. तर शेजारच्याने खिशातून त्याचं पत्र काढलं. मग त्याच्या शेजारच्याने. अकरा पत्रं निघाली. आवडता खेळाडू प्रत्येकात वेगळा, बाकी स्वल्पविरामसुद्धा तेच. आमच्या मॅच ज्या रेडिओ स्टेशनवर लागत, ते गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापलीकडे ऐकू येत नसे. तुम्ही पुण्यात कसे ऐकलेत, या वादात आमची ऑम्लेटं गार झाली. तुम्ही खरोखर आहात की नाही, आम्हाला माहीत नाही. असाल, तर सोबतचं कार्ड तुमचं. नसाल, तर तुमच्या मुलाला म्हणावं, बाप तरी खरा शोध.'

कार्ड लेहमनचं होतं. त्याच्या तोंडावर, टोपीवर, मागच्या बाजूला, जागा मिळेल तिथे अकरा सह्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

विभा पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेली आणि आतच राहिली.

डॉइल हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"उन्मेष, तू बावीस माणसांना पटवलंस की तुम्हीच एकमेव. आपले क्लायंट किती आहेत?"

"चौदा, सर."

"मग तुला अवघड काय आहे?"

खुर्चीचा निकाल तिथेच, पुरणपोळीवर लागला. प्रकाशला तो सोमवारी ईमेलने कळणार होता. निघताना डॉइलने कार्डासाठी हात पुढे केला. मनोहरराव म्हणाले, "हे माझं आहे." साहेब आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सॉरी म्हणाला असावा, इतक्या अवघडून म्हणाला.

दार लागलं आणि उन्मेषला जीभ फुटली. "बघितलंत बाबा? झालं ना शेवटी?"

मनोहरराव शालीची घडी घालत होते. "झालं. पण ती माणसं एकमेकांना भेटत असतील, एवढं कसं रे तुला सुचलं नाही?"

"छत्तीस वर्षांनी कोण भेटतं?"

"आमची खात्याची व्हॉलीबॉलची टीम अजून दर रविवारी भेटते. दहातले पाच उरलोय."

"ते वेगळं, बाबा."

"वेगळंच. तुझे प्लास्टिकमध्ये असतात."

मग ते टेबलाशी बसले आणि लेहमनला पत्र लिहायला लागले. हाताने, इंग्रजीत, खाडाखोड करत, चार पानं. त्यांनी खिशातल्या पैशांच्या पाकिटातून स्वतःचा एक जुना फोटो काढला, त्याच्या मागे सही केली आणि तोही आत घातला. उन्मेष आजूबाजूला घुटमळत होता.

"काय लिहिलंत ते दाखवा तरी. काही भलतंच गेलं तर माझं—"

"तुझं नावसुद्धा नाही त्यात."

त्यांनी पाकीट चिकटवलं. पाठवणाऱ्याच्या जागी पत्ता घातला तो सेरंगूनचा नाही, पुण्याचा.

"माझं तिकीट बुधवारचं कर. उत्तर येईल, घरी कोणीतरी हवं."

"अजून महिना आहे तुमचा."

"बुधवारचं कर."

उन्मेषने लॅपटॉप उघडला. नाव, पासपोर्ट, जेवण शाकाहारी. मग नेहमीचा प्रश्न आला, प्रवाशाला व्हीलचेअर हवी का. सवयीने त्याचं बोट 'हो'वर गेलं आणि तिथेच थांबलं. त्याने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"खरं लिही," मनोहरराव म्हणाले.