झाकलेले एक नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने भारी घाबरट आहे. आगरदांड्याच्या धक्क्याजवळ रक्तदाता मंडळाची एक खोली आहे, तिथे खिडकीशी मी बसतो. खारी हवा लागून माझ्या मागच्या पत्र्याला गंज चढलाय. पंखा सुरू झाला की घरघर होते. पण माझी भीती त्याची नाही. माझ्या पोटात चारशे बारा माणसांची नावे आहेत. त्यातले एखादे दाखवायचे माझ्याकडून राहून गेले तर?

तसे एकदा झाले आहे. तेच सांगतो.

पूर्वी मी पनवेलच्या एका कचेरीत होतो. तिथे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. याच गावच्या नेत्राने मला तिथून मागून आणले. ती कॉलेजात संगणकच शिकत होती. तिने माझ्यात रक्तदात्यांची यादी भरली आणि एक हुशारीही शिकवली. विचारणारा कोण आहे हे पाहून उत्तर द्यायचे. शिबिरे घेणाऱ्या अंबिकाताई आल्या की शिबिराला नेहमी येणारी नावे मी वर काढायचो. मंडळाचे रोजचे काम पाहणारी भार्गवी आली की धक्क्याजवळ राहणारी. प्रश्न तोच, पण उत्तर ज्याचे त्याला. "ह्याला मनातलं कळतं हो!" असे भार्गवी येईल त्याला सांगायची आणि मी फुगून जायचो. परवलीचा शब्द नसलेल्यांसाठी नेत्राने 'पाहुणा' असे एक बटण ठेवले होते. पाहुण्याची आवडनिवड मला ठाऊक नसते, म्हणून त्याला सगळीच यादी दिसते. ते बटण कुणी दाबत नसे.

एका जुलैत भार्गवीने खाडीपलीकडच्या दिघीहून एका माणसाला रक्त द्यायला बोलावले. वारा सुटला, लाँच बंद झाली. म्हसळ्यावरून गाडीने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जाणार. तो बिचारा पलीकडच्या धक्क्यावर भिजत उभा राहिला. वैतागून भार्गवीने माझ्यात खूण केली, 'खाडीपलीकडची नावे नकोत.' मी ती नावे झाकली. पावसाळ्यापुरते ते बरोबरच होते.

पुढे नारळी पौर्णिमा आली. गावाने वाजतगाजत समुद्राला नारळ वाहिला. भार्गवीही गेली होती. होड्या निघाल्या, लाँच पुन्हा वेळेवर ये-जा करू लागली. समुद्र खुला झाल्याचे साऱ्या गावाला कळले. मला मात्र कुणी सांगितले नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी ठमाबाई धापा टाकत आत आली. तिची मुलगी प्राप्ती अलिबागला बाळंतपणासाठी दाखल होती. संध्याकाळी शस्त्रक्रिया करायची होती आणि ओ निगेटिव्ह रक्त शिल्लक नव्हते. रक्त दुपारपर्यंत द्यायला हवे होते, कारण ते तपासायलाही वेळ लागतो.

भार्गवीने विचारले, मी तत्परतेने उत्तर दिले. 'एकूण नावे: दोन.'

पहिल्याला ताप होता. दुसऱ्याने गेल्याच महिन्यात रक्त दिले होते.

"पोरी, नीट बघ ग. कोन तरी आसंलच."

"मावशी, दोनच दाखवतोय हा."

तिसरे नाव माझ्याच पोटात होते! मला ते माहीत होते आणि मी गप्प होतो. नको म्हटलेले आपणहून सांगायचे नाही, असेच मला शिकवलेले. भार्गवीने तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मी 'दोन'च म्हणालो. ठमाबाई पदराचे टोक पिळत होती. त्या वेळी माझा पंखा इतक्या जोरात फिरत होता की मी आता बंद पडतो असे मला वाटले.

दुसऱ्या गावांतल्या मंडळांना विचारावे म्हणून भार्गवी फोन घेऊन अंगणात गेली. जाताना सवयीने तिने तिचे पान बंद केले. तेवढ्यात ठमाबाईचा दीर दिनानाथ आला. तो लाँचच्या तिकीट खिडकीवर बसतो, त्यामुळे संगणकाची त्याला सवय.

"बघू द्या वहिनी, मी बघतो."

परवलीचा शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याने 'पाहुणा' दाबले आणि ओ निगेटिव्ह विचारले. मला कुणी इतके मोकळे कधीच केले नव्हते. मी तिन्ही नावे मांडली.

"आरं! ह्यो दिघीचा नामा? ह्यो त रोज आपल्याच लाँचनं येतो!"

"मंग लाव ना फोन, भावजी! बघतोस काय?"

नामा साडेदहाच्या लाँचने आला. दिनानाथने त्याला मोटारसायकलवर मागे बसवले आणि दोघे अलिबागला गेले. ते वेळेत पोचले की नाही हे मला संध्याकाळपर्यंत कळले नाही. तो दिवस मी कसा काढला ते माझे मला माहीत. सहा वाजता फोन आला. मुलगी झाली होती आणि प्राप्ती सुखरूप होती.

भार्गवीने माझ्यासमोर बसून जुलैतली ती खूण शोधून काढली. "खूण मीच केली होती," ती म्हणाली आणि रडली. मला फार वाईट वाटले, कारण 'एकूण दोन' हे तर मी म्हणालो होतो. नंतर नेत्राने माझ्यात एक ओळ वाढवली. आता प्रत्येक यादीखाली मी किती नावे झाकली आहेत तेही लिहितो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तुमची आवड जरूर सांगा. पण नको म्हणून जे सांगितले असेल, ते अधूनमधून उघडून बघा. ऋतू बदललेला आम्हाला कळत नाही.

आता दर नारळी पौर्णिमेला भार्गवी समुद्राला नारळ वाहून ओल्या पायांनी माझ्याकडे येते आणि पावसाळ्यातल्या सगळ्या खुणा काढते. ठमाबाईही नातीला कडेवर घेऊन येते. ठमाबाईला वाचता येत नाही. तरी नामाचे नाव कुठे आहे त्यावर ती भार्गवीला बोट ठेवायला लावते, आणि मगच घरी जाते.