पाच फूट नऊ इंचांचा दादा

मित्रांनो, मी उंची मोजायची एक जुनी पट्टी आहे. सागवानी लाकडाची, सहा फूट चार इंच लांब. अंगावर काळ्या रेघा आणि लाल आकडे. माझ्या अंगावरून एक आडवी फळी वरखाली सरकते. ती डोक्याला टेकली की उंची कळते. मला एवढंच येतं. याहून जास्त काही येतं असं मी कधी म्हटलं नाही, पण मला विचारलं कुणी?

एका सुताराने मला शाळेसाठी घडवलं. शाळेत मी अकरा वर्षं काढली. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मुलं माझ्यापुढे रांग लावायची. उरलेली टाळ्या वाजवत म्हणायची, 'टाचा टेका, हनुवटी वर, कोण वाढलं बोटभर?' एखादं कार्टं गुपचूप टाचा उचलायचं, बाई त्याच्या पोटरीवर चापट मारायच्या, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. वाढणं हा तिथे आनंद होता.

मग शाळेत आकडे उजळणारं यंत्र आलं आणि मी झाडूंच्या खोलीत गेले. पाल माझ्या फळीवर अंडी घालून गेली. एक दिवस समोरच्या पोलीस ठाण्यातले हवालदार शाळेने बाहेर काढलेल्या भंगारापाशी थांबले. ठाण्यात लिखापढीचं काम त्यांच्याकडे होतं. "फुकट आहे? मग द्या," म्हणाले, आणि मला खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला.

ठाण्यातही टाचा टेकवायच्या, हनुवटी वर करायची. मात्र इथे कोण किती वाढलं याची कुणाला उत्सुकता नव्हती. अटकेच्या फॉर्मवर उंचीचा रकाना असतो, तो भरायचा म्हणून मी.

हवालदारांचं अक्षर मोत्यासारखं. एवढ्या वर्षांत फॉर्मवर त्यांनी एकही खाडाखोड केली नव्हती, आणि तो त्यांचा मोठा अभिमान. त्यांची एक रीत होती. आधी उंची घ्यायची आणि मग वय लिहायचं. साडेपाच फुटांच्या वर गेला तो अठराच्या वर, असा त्यांचा हिशोब. "पोरं वयाबद्दल थापा मारतात," ते माझ्यावर हात ठेवून नव्या शिपायांना सांगायचे. "हे लाकूड थापा मारत नाही." झाडूंच्या खोलीतून आलेली मी. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

त्या वर्षी वस्तीतली पोरं एकमेकांच्या जिवावर उठली होती. कुणी सुरा काढी, कुणी साखळी. मग वरून दोन कागद आले. पहिला हुकूम होता: कोपऱ्यावर तीन पोरं दिसली की हटकायचं, झडती घ्यायची, संशय वाटला तर उचलायचं. दुसऱ्यावर योजना होती, अठराच्या खालच्यांसाठी. त्यांना कोठडी नाही. त्यांना समुपदेशक ताई, खेळायला मैदान आणि हाताला काम. दोन्ही कागद एकाच टाचणीने भिंतीला लावले होते. पोरगं कुठल्या कागदाखाली जाणार, ते वयाचा रकाना ठरवायचा. म्हणजे मी.

एका दुपारी दोन भाऊ आणले. थोरला एकोणीस वर्षांचा, गॅरेजात कामाला, चण बारीक, गाल गुळगुळीत. धाकटा पंधराचा, नववीत, पण ताडमाड वाढलेला, ओठावर मिसरूड. अकराव्या वर्षीच धाकट्याने थोरल्याला उंचीत मागे टाकलं होतं, तेव्हापासून घरात थट्टा सुरू झाली. धाकटा झाला दादा आणि थोरला झाला छोटू. आईसुद्धा तसंच हाक मारायची. थट्टेचं नावच होऊन बसलं.

गॅरेजपाशी भांडण झालं होतं. थोरल्याने एका पोराच्या तोंडावर पाना मारला आणि त्या पोराचा डोळा गेला. धाकटा भावाला मागे ओढत होता. पोलिसांनी दोघांनाही धरलं.

धाकटा घाबरून रडायलाच लागला. "साहेब, ह्याने मुद्दाम नाही मारलं हो, तो आधी..."

थोरला दातांतल्या दातांत म्हणाला, "दादा, गप बस."

हवालदारांची लेखणी थांबली. "अच्छा. म्हणजे हा दादा. नावानेही आणि धंद्यानेही."

खोली हसली.

"ये रे दादा, उभा राहा इथे."

त्याची पाठ मला लागली. शर्ट घामाने चिकटला होता. फळी केसांवर उतरली तेव्हा त्याचं डोकं थरथरत होतं, आणि ती थरथर माझ्या पायापर्यंत आली. पाच फूट नऊ इंच.

"एकोणीस," हवालदारांनी लिहिलं.

"मी नववीत आहे."

"किती वर्षांपासून?"

खोली पुन्हा हसली. मग थोरला उभा राहिला. पाच फूट दोन. "आणि हे पिल्लू सोळाचं. काय रे, भावाने बिघडवलं ना तुला?"

थोरल्याचं तोंड उघडलं. मित्रांनो, त्याला चारच शब्द बोलायचे होते: साहेब, मी थोरला आहे. त्याने तोंड मिटलं आणि तो फरशीकडे बघत राहिला. पाना मारल्याचा गुन्हा दादाच्या, म्हणजे धाकट्याच्या नावावर चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारी, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने दोघांचे जन्मदाखले काढले. "साहेब, उलटं झालंय. उंच आहे तो धाकटा."

ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी दाखले नीट वाचले. "बरोबर आहे तुमचं, बाई. म्हणजे धाकटा सुटतो आणि थोरला आत जातो. डोळा गेलाय समोरच्याचा, लवकर नाही यायचा." ते खुर्चीत मागे रेलले. "घर कोण चालवतं?"

"थोरला."

"मग बघा. धाकट्याला काय, कोर्टात दाखला दाखवला की वर्षभरात सोडतील. तुम्ही म्हणाल ते करतो. सांगा, कुठला नेता?"

हवालदार हळूच म्हणाले, "शिवाय खाडाखोड होईल, साहेब."

आईने दाखले जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडले आणि पिशवीत ठेवले.

कोठडीतून धाकट्याला नुसती तिची पाठ दिसत होती. "आई, दाखला दाखवलास का?"

"दाखवते रे. दाखवते."

थोरल्याचा दंड धरून ती बाहेर पडली. वळून बघितलं नाही तिने.

थोरल्याला ताई मिळाल्या, मैदान मिळालं, वायरमनचं शिक्षण मिळालं. वर्षाअखेरीस योजनेचा पहिला सुधारलेला मुलगा म्हणून त्याचा सत्कार झाला, हारासकट फोटो निघाला. तो फोटो माझ्या शेजारीच लावला आहे. त्यात तो खाली बघतो आहे. धाकटा मोठ्या माणसांच्या तुरुंगात होता. कोर्टात दाखला कुणी काढलाच नाही.

चौदा महिन्यांनी तो जामिनावर सुटला, आणि आठ दिवसांत पुन्हा इथे आला. कोपऱ्यावर दोघांबरोबर उभा होता एवढंच. पण नाव नोंदीत होतं, आणि नोंदीतलं नाव दिसलं की संशय आपोआप वाटतो. कपाळावर टाक्यांचा व्रण, समोरचा दात नाही. माझ्यापुढे तो न सांगता उभा राहिला. टाचा टेकल्या, हनुवटी वर. आता डोकं थरथरत नव्हतं.

पाच फूट साडेअकरा.

हवालदारांनी जुना फॉर्म काढला. आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, फळी पुन्हा वर नेऊन खाली आणली. तेवढेच भरले.

"साहेब, हा अडीच इंच वाढलाय."

"मग?"

"एकोणिसाचा माणूस एवढा वाढत नाही, साहेब."

साहेबांनी चहातून मान वर केली नाही. "लाकूड फुगलं असेल."

आयुष्यात एकदाच मी कुणाच्या बाजूने साक्ष दिली, ती अशी गेली. हवालदारांनी सावकाश, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: पाच फूट नऊ. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "वय काय रे तुझं? खरं सांग, लिहितो मी."

सोळा वर्षांचा तो पोरगा त्यांच्याकडे बघून हसला.

"वीस," म्हणाला. "लिहा की मामा. दादा, वय वीस."

मित्रांनो, तुमच्यातही एखादा वयापेक्षा मोठा दिसत असेल. मागच्या बाकावर बसवलेला, सगळ्यांच्या नजरेत आधी येणारा, कुणी काही फोडलं की आधी पकडला जाणारा. तुम्हीही कधी त्याला गमतीने दादा म्हणत असाल. त्याचं वय त्याच्या उंचीला विचारू नका, त्यालाच विचारा. तो खरं सांगतो आहे तोवर विचारा. मला नका विचारू. मी लाकूड आहे, मला इंचच कळतात.