दारापुढचा मान

मंगल अंगण सारवीत होती आणि तिची सासू भिवराबाई ओट्यावर बसून तिच्याशी भांडत होती. रविवारी चर्चमध्ये तान्ही लेक देवाला वाहायची होती; भांडण त्या समर्पणावरून होते.

“धर्मराजला बोलवायचं म्हनतीस? तू?” भिवराबाई म्हणाली. “दोन वरसं त्याच्या सावलीला उभी ऱ्हायली न्हाईस. आन आता कावून?”

“थोरला चुलता हाय न्हवं लेकीचा? रीत तुमीच शिकिवली, आत्या.”

“रीत मला नगं सांगू. तुझ्या डोळ्यात काय हाय ते दिसतंय मला.”

“दिसतंय तर इचारता कशाला?”

आमची मंडळी नांदूरघाटाच्या शिवारातली; चर्च पत्र्याचे, घरे शेतांत विखुरलेली. ऊसतोडीला गेलेली माणसे उन्हाळ्यात परतली की लेकरांची समर्पणे होतात. आईने घरच्या उंबऱ्यात लेकरू थोरल्या चुलत्याच्या हाती द्यायचे, आईने पुढे चालायचे, चुलत्याने मागून. वाटेत लेकरू दुसऱ्याच्या हाती जात नाही आणि निघालेले पाऊल माघारी वळत नाही. चर्चच्या दारापर्यंत ही रीत. दारापासून वेदीपर्यंत लेकरू नेणे आणि त्याचे नाव पुकारणे हा मान. तो आई देते. आजवर प्रत्येक आईने तो दिला, म्हणून पुष्कळांना तीही रीतच वाटे. दोहोंतला फरक मंगलने मात्र नीट ओळखला होता.

धर्मराज आणि आदिनाथ हे भिवराबाईचे दोन मुलगे. वाटण्या झाल्या तेव्हा आदिनाथच्या वस्तीवरून गावाकडे येणारी गाडीवाट धर्मराजच्या हिश्श्यात गेली. त्याने बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या, फेसाट्या, रचून ती बंद केली. दोन वर्षांमागे, भर श्रावणात, मंगलला कळा सुरू झाल्या. आदिनाथने बैलगाडी जुंपली, भिवराबाई सुनेला धरून गाडीत बसली. बांधावर धर्मराज उभा होता. “वाटणी झालीया. वढ्याकडनं जावा,” एवढेच तो म्हणाला. ओढ्याच्या चिखलात चाक रुतले. लेकरू तिथेच गाडीत जन्मले, आणि रडले नाही.

लोक मंगलला समजावीत, की त्याने काही मुद्दाम मारले नाही. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. कळा देणारी बाई समोर दिसत असताना जो काटा उचलत नाही, त्याच्या हेतूची वेगळी चौकशी ती काय करायची?

आदिनाथ निमंत्रण घेऊन गेला तेव्हा धर्मराज आपल्या नव्या एस.टी.डी. बूथच्या काचेआड बसला होता.

“आली का वळनावर?” तो हसला. “मला वाटलं हुतं, माझ्या मयतालाच येईल.”

“येतोस का न्हाई, तेवढं सांग.”

“येतो की. थोरला हाय मी.”

त्याच महिन्यात मंडळीचे पंच निवडायचे होते. भावजयीची लेक छातीशी धरून वेदीपाशी उभा राहिलेला धर्मराज सर्वांनी पाहावा, ही त्याची गरज होती. आणि ती मंगलला ठाऊक होती.

रविवारी ऊन सकाळीच तापले. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. धर्मराज कडक इस्त्रीची सफारी घालून, ओढ्याकडून फिरून आला. मंगलने उंबऱ्यात लेकरू त्याच्या हाती दिले आणि ती पुढे झाली. मागे मंडळी गाणे म्हणत निघाली. ओढ्याकडे वळायची जागा आली. मंगल वळली नाही. ती थेट फेसाट्यांपाशी जाऊन थांबली, आणि मागचे गाणे विस्कटले.

“आदिनाथ,” धर्मराज म्हणाला, कारण भावजयीशी तो थेट बोलत नसे, “तुझ्या बायकूला सांग, वाट तिकडनं हाय.”

मंगलने मात्र थेट त्यालाच उत्तर दिले. “तिकडनं एकदा गेलते मी, भावजी. तिकडनं लेकरं जित्ती पोचत न्हाईत.”

“वळा रं समदे मागं!”

“लेकरू घिऊन माघारी वळायचं न्हाई, धर्मराज,” मागून कुणी म्हातारा बोलला.

“मंग बघत काय उभे ऱ्हायलात बे? काढा की ह्या फेसाट्या!”

दोघे-तिघे पुढे सरले. मंगलने हात आडवा केला. “कुनी शिवायचं न्हाई. ज्यानं घातल्या त्यो काढंल.”

“मंग धर तुझं लेकरू!” पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला.

“दारापतुर ते तुमच्याच हातात ऱ्हातं. रीत हाय.”

डाव्या हाताने लेकरू छातीशी धरून धर्मराज उजव्या हाताने फेसाट्या ओढू लागला. दोन पावसाळ्यांत त्या एकमेकींत गुंतून वाळल्या होत्या. काटे तळव्यात मोडत होते, सफारीची बाही फाटली, घाम डोळ्यांत उतरत होता. मंगल लेकराच्या तोंडावर पदर धरून अगदी शेजारी उभी राहिली. काट्याला तिने बोट लावले नाही. भिवराबाई तेवढी बांधावर पाठ फिरवून बसली.

वाट झाली. सगळी मंडळी तिच्यावरून, धर्मराजच्या घरासमोरून, चालत गेली. चर्चच्या दाराशी येताच मंगलने हात पुढे केले.

“आना इकडं.”

“आत मी नेनार. नाव मी पुकारनार.”

“रीत दारापतुर हाय, भावजी. फुडं मान असतो. त्यो मी देत न्हाई.”

तिने लेकरू घेतले आणि ती आत गेली. वेदीपाशी पाळकसाहेब उभे होते. दारातले शब्द त्यांनी ऐकले होते. ते हळू म्हणाले, “मंगल, मनात वैर ठेवून देवाला काही वाहू नये. धर्मराजला क्षमा केलीस का?”

“न्हाई.”

“मग मी हे लेकरू कसं घेऊ?”

“राग लेकरासंगंच आनलाय, साहेब. दोन्ही घ्या, न्हाईतर दोन्ही माघारी नेते. देवाच्या घरात उभं ऱ्हाऊन खोटं बोलनार न्हाई.”

तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून भिवराबाई उठली.

“घ्या तिला, साहेब,” ती म्हणाली. “गाडीत मी हुते. पयलं लेकरू ह्या हातानं पुरलं म्या. आन ज्यानं वाट आडवली, त्योबी माझ्याच पोटचा. मी सांगते, घ्या.”

पाळकसाहेबांनी हात पुढे केले. “एस्तेर,” मंगलने नाव पुकारले, आणि साऱ्या मंडळीने ते तिच्यामागून म्हटले. दाराबाहेर रक्ताळलेला तळवा रुमालात गुंडाळून उभ्या असलेल्या धर्मराजने ते म्हटले की नाही, यावर आमच्यात अजून वाद होतो.

पंच म्हणून त्याला कोणी निवडले नाही, आणि साऱ्या मंडळीने चाललेली वाट पुन्हा बंद करण्याची त्याची छाती झाली नाही. आता मंगल रोज त्याच वाटेने गावात येते. पोरगी चालू लागली आहे. तिचे बोट मंगलच्या मुठीतच असते. तरीही धर्मराजच्या घरासमोर आली, की मंगल थांबते आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारते:

“एस्तेर! अगं ए एस्तेर!”