झाकलेला पत्ता

भावोजींनी ताईची बरगडी मोडली तेव्हा निमित्त होतं चहा गार झाल्याचं. त्याआधी एकदा दात पाडला, एकदा कानाचा पडदा फाडला. मेल्याला निमित्तांची काय कमी! शेवटी धाकट्या भावाने ताईला नेसत्या कपड्यांनिशी उचललं आणि एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत नेऊन ठेवलं. आईलाही पत्ता सांगितला नाही. आईच्या पोटात काही राहत नाही आणि जावयाने आवाज चढवला की ती बोलून मोकळी होते.

धाकटा न्यायालयाच्या संगणक विभागात होता. काही अडलं की इकडचं तिकडे जोडून चालू करून द्यायचा, म्हणून सगळे त्याला जुगाड्या म्हणत. ताईने घटस्फोटाचा अर्ज केला आणि त्याच्या लक्षात आलं. अर्जाचं पान न्यायालयाच्या वेबसाइटवर नवऱ्यालाही दिसणार, त्यात तिचा पत्ता ठसठशीत. पान मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून पत्त्यासकट भरूनच यायचं, त्याला हात लावायची जुगाड्याला मुभा नव्हती. त्याने साहेबांची मनधरणी केली. साहेब म्हणाले, वरून मंजुरी येऊ दे. तोवर बाई जिवंत राहायला हवी ना? पण साहेबांना हे कोण सांगणार!

मग गड्याने जुगाड केला. पानासोबत जाणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, तेवढी त्याच्या ताब्यात होती. बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं की ती पत्त्याचा रकाना शोधायची, आतला मजकूर पुसायची आणि तिथे 'गोपनीय' लिहायची. ऑफिसच्या मशीनवर त्याने पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. दरवेळी 'गोपनीय'. स्वारी खूश. ताईला फोन करून म्हणाला, आता ब्रह्मदेव आला तरी पत्ता सापडायचा नाही.

अरे शहाण्या, ऑफिसची लाइन वेगवान! तिथे पान आणि स्क्रिप्ट बरोबरीनेच येतात. भावोजी कामाला होते गोदामाच्या तळघरात, तिथे रेंज रडतखडत मिळायची. त्यांच्या फोनवर पान आलं आणि स्क्रिप्ट वाटेतच अडकली. पत्ता पुसायला कुणी पोचलंच नाही.

रविवारी सकाळी जुगाड्या भाजी घेऊन ताईकडे गेला होता. ताईने भांड्यांसाठी पाणी उकळत ठेवलं होतं. दारावर दणका बसला, दुसऱ्या दणक्याला कडी उखडली. भावोजी आत आले, हातात पहार. जुगाड्या आडवा गेला, तर पहिलाच घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. भावोजींनी पहार टाकली, ताईचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्यावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. रक्त मोरीपर्यंत गेलं. जुगाड्या त्यांच्या पायाला लोंबकळला, त्यांनी त्याच्या तोंडावर लाथ घातली आणि पहार उचलायला वाकले. तेवढ्यात ताईने उकळत्या पाण्याचं पातेलं त्यांच्या मानेवर ओतलं.

गुरासारखा ओरडला तो माणूस. खालचे लाँड्रीवाले धावत आले आणि त्याच्या छातीवर बसले. तशातही तो ताईकडे बघून हसला.

"शोधायला लागलंच नाही. तुझ्या भावाच्या वेबसाइटवर होता पत्ता. पान उघडलं, समोरच लिहिलेला."

जुगाड्याला एका क्षणात सगळं कळलं. त्याने ताईकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

पोलिसांनी भावोजींना नेलं, पण जामिनावर सुटून येणारच, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. दवाखान्यात ताईच्या कपाळाला टाके पडले, जुगाड्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. बाकावर बसून तो बडबडत सुटला. चूक कुठे झाली ते कळलंय, साहेबांच्या पाया पडतो, पत्ता सर्व्हरवरूनच काढायला लावतो, दुसरी खोलीही बघून ठेवतो. ताईने त्याला बोलू दिलं.

"खोली मी फोन करून ठरवली आहे," मग ती म्हणाली. "कुठे ते तुला सांगणार नाही."

"ताई, मलासुद्धा?"

"माझ्यासाठी तू जीव देशील रे. आज देतच होतास. पण पत्ता तुझ्यापाशी राहत नाही."

तिने त्याच्या सुजलेल्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर तिने बोलावून ठेवलेल्या गाडीत जाऊन बसली. तो मागोमाग गेला. कुठे जायचं ते तिने काच वर केल्यावरच ड्रायव्हरला सांगितलं.