मम्माची निलगिरी

सोळा वर्षांत पपांनी परसात एकही झाड लावलं नव्हतं. टोमॅटो, घेवडा, वांगी. सहा महिन्यांत येऊन संपेल तेवढंच. "झाड कशाला? पुढच्या वर्षी आपण घरी जाणार," असं ते दर वर्षी म्हणत. घरी म्हणजे इटलीत, मोलिझेतल्या डोंगरावर. तिथे ऑलिव्हच्या छाटणीसाठी त्यांना चार गावांहून बोलावणी यायची. इथे मेलबर्नला ते टायरच्या कारखान्यात होते. तिथे छाटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून संध्याकाळी घरी येऊन आम्हाला छाटायचे. मम्माचा सॉस पातळ, माझे केस आखूड, आणि आमच्या शेजाऱ्याची, लेसची, हिरवळ तर शेळीलाही न घालण्यासारखी.

मम्माला कुठेच जायचं नव्हतं. मी तेरा वर्षांची असताना तिनं पपांच्या नकळत अर्ज भरला, आणि एका गुरुवारी निळा कोट घालून, मला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन टाउन हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. तिथे एक कागद, एक कप फिकट चहा आणि काळ्या पिशवीतलं निलगिरीचं रोप मिळालं.

जेवताना पपांना रोप दिसलं.

"हे काय?"

"निलगिरी."

"खायला काय येतं त्याला?"

"काही नाही."

"मग देतात कशाला?"

"मी आता इथली झाले म्हणून."

पपांनी चमचा खाली ठेवला. त्यानंतर दहा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. सगळं माझ्यामार्फत.

"ऑर्नेल्ला, तुझ्या ऑस्ट्रेलियन आईला सांग, मीठ कमी आहे."

"त्या परदेशी पाहुण्यांना सांग," मम्मा म्हणायची, "मिठाची बरणी त्यांच्या कोपराशी आहे."

दुसऱ्याच दिवशी मम्मानं जन्मात पहिल्यांदा कुदळ हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली रोप लावलं. आधाराला झाडूचा दांडा, बांधायला जुना पायमोजा.

"सांग तिला," आठवडाभरानं पपा म्हणाले, "रविवारी उपटणार."

"सांग त्याला, खुशाल उपट. मग ही एर्सीलिया ॲडलेडला तिच्या बहिणीकडे निघाली समज."

तिनं खरंच कपाटावरची बॅग काढून पलंगावर ठेवली. तोवर मला हे सगळं गमतीचं वाटत होतं.

रविवारी प्रार्थनेहून आलो आणि बाहेर कुदळीचा आवाज सुरू झाला. मम्मा पास्त्याचं पीठ मळत होती. तिनं डोळे मिटले.

"तू बघ गं. माझ्यानं नाही बघवत."

मी बाहेर गेले. पपा खणत होते, पण रोपापासून हातभर लांब, गोल. मग मातीच्या गोळ्यासकट त्यांनी ते अलगद उचललं, तान्ह्या बाळाला न्हाणीतून उचलावं तसं. घराच्या भिंतीपासून मोठमोठी पावलं मोजत पार टोकाला गेले, आणि तिथली हिरव्या फळांनी लगडलेली टोमॅटोची नऊ झाडं काठ्यांसकट उपटून काढली.

"पपा! काय करताय?"

"तुझ्या आईला अक्कल नाही. लेसला विचारून आलो मी. साठ फूट वाढतं हे! खिडकीखाली लावलंय! तीस वर्षांत भिंत फोडेल, गटार फोडेल."

"पण तीस वर्षांनी आपण कुठे इथे असणार?"

पपांनी मान पुसली. मग उगाचच कपाळ पुसलं.

"जो कोणी असेल त्याला घर नको का?"

मम्मा कोपरापर्यंत पिठानं माखलेली दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पायऱ्या उतरली, खड्ड्यापाशी आली.

"थोडं डावीकडे घे. इथे माझी कपड्यांची दोरी येते."

"डावीकडे लेसचं कुंपण आहे, बाई!"

"मग दोरी हलव."

"दोरी हलवायची म्हणजे खांब आले. खांबाला सिमेंट आलं."

"मग आण."

पपांनी तिच्याकडे पाहिलं. रोप अजून त्यांच्या कुशीत होतं, शर्टभर माती.

"किती लांब हवी तुला दोरी?"

मम्मानं दोन्ही हात पसरले. पपा म्हणाले, एवढ्यात राजवाड्याच्या चादरी वाळतील. ती म्हणाली, "नुन्झियो, चादरी मी धुते, तू नाही." दोघांचे आवाज असे चढले की लेस कुंपणावरून डोकावून गेला.

ओट्यावरचं पीठ तोवर वाळून खडक झालं होतं. आम्ही साडेतीनला ब्रेड खाल्ला, बरोबर तव्यावर परतलेले हिरवे टोमॅटो. बॅग कपाटावर मीच ठेवून आले. कुणी विचारलं नाही.