खोलीचा चार्ज

त्या दिवशी घाईबाईचं कशातच लक्ष लागत नव्हतं. घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वॉर्डातल्या नर्सनी ते ठेवलेलं, आणि इतकं चपखल बसलेलं की राउंडला येणारे डॉक्टरसुद्धा तेच म्हणायचे. एरवी तिची घाई कामाची असायची. आज नुसती जिवाची तगमग होती. सकाळची ड्यूटी करून ती घरी आली ती बसलीच नाही. चहाचं पातेलं दोनदा घासलं. दोरीवरचे कपडे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले आणि शेवटी ओलेच गोळा करून खाटेखाली कोंबले.

"अगं, राजाची राणी येतेय की काय?" नवरा म्हणाला.

"गप्प बसा हो. आणि तो वायरींचा पसारा उचला आधी."

येणार होती ती राणीबिणी कुणी नाही, तिच्यासारखीच नर्स. लांबच्या एका लहान गावातल्या सरकारी दवाखान्यातली. तिला शहरात यायचं होतं आणि घाईबाईला शहरातून सुटायचं होतं. अशा दोघी सापडल्या की आपसी बदली होते. दोघींनी एका अर्जावर सह्या करायच्या की झालं, वरचे साहेब मग खुसपट काढत नाहीत. गावाकडची म्हणाली होती, सही करायच्या आधी एकदा घर बघून घेते, कारण घाईबाई गेली की हीच खोली तिला मिळणार होती.

आता नर्सचा पगार गावात तोच आणि शहरात तोच. हा नियम ज्या कुणा शहाण्याने केला, त्याने जन्मात कधी भाड्याने खोली शोधली नसणार. शहरभत्ता म्हणून वर चार पैसे टेकवतात, त्यात भाजीसुद्धा भागत नाही. घाईबाई सुट्टीच्या दिवशी एका खाजगी दवाखान्यात राबायची, नवरा मिळेल तिथे वायरमनचं काम करायचा, तरी महिनाअखेर तोंडाला फेस यायचा. त्यात घरमालकाने पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवल्याचं सांगितलं. सांगताना मेला हसत होता.

नवऱ्याच्या थोरल्या भावाचं त्याच गावात विजेच्या सामानाचं दुकान होतं. नवरा म्हणाला होता, बदली झाली तर तिघंही तिकडे जाऊ. नाही झाली तर मी पोरीला घेऊन दादाकडे जातो, तू नर्सेस हॉस्टेलमध्ये खाट घे. रागाने म्हणाला असता तर ती भांडली तरी असती. पण तो अगदी शांतपणे म्हणाला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

"विचारेल तेवढंच सांग," तो आता दहाव्यांदा बजावत होता. "तुझी सवय माहितीये मला. एक विचारलं की दहा सांगतेस."

"नाही हो सांगत. एकदा सांगितलं ना."

गावाकडची आली. वयाने लहान, गोल चेहऱ्याची, हसरी. सकाळी ड्यूटीवर असतानाच घाईबाईने तिला वॉर्ड दाखवला होता आणि तिथली यंत्रं बघून बाई हरखून गेली होती. खोलीतही तिला सगळं आवडलं. खिडकी आवडली, नळ आवडला. मग तिने पर्समधून चक्क मोजायची टेप काढली.

"बाबांची खाट बसेल का बघते," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, अंथरुणालाच खिळलेत. इथे मोठे डॉक्टर आहेत, कोण जाणे, उठून बसतीलसुद्धा. धरता का जरा टोक?"

नवऱ्याने लगबगीने टोक धरलं. खाट बसत होती. घाईबाई चहा टाकायला वळली आणि साखर कुठे ठेवली तेच तिला आठवेना. बाबांबद्दल फोनवर काही बोलणं झालं नव्हतं. घाईबाईने विचारलं नव्हतं, हेही खरं.

"माझ्या ड्यूटीच्या वेळी त्यांच्याजवळ बसायला कुणी मिळेल ना?" गावाकडचीने विचारलं. "तिकडे शेजारच्या काकू बसतात. एक पैसा घेत नाहीत हो."

"मिळेल की," नवराच घाईने म्हणाला. "शहर आहे. इथे काय मिळत नाही?"

घाईबाईने कप पुसले. पुसलेले कप परत पुसले. मिळेल हे काही खोटं नव्हतं. आजाऱ्याजवळ बसायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की तासाभरात बाई दारात हजर. फक्त तिचे पैसे काय, ते हिने विचारलं नव्हतं. नाही विचारलं तर आपण कशाला सांगायचं? आपली पोर डोळ्यांसमोर ठेवावी, चहा द्यावा आणि सही घ्यावी.

गावाकडचीने अर्ज काढला, पेन काढलं आणि हसत म्हणाली, "चला सिस्टर, द्या आता मला खोलीचा चार्ज."

झालं! तिने आपली गंमत केली होती. पण चार्ज देणं म्हणजे काय, हे नर्सला विचारा. ड्यूटी संपली की येणारीला पेशंटच्या उशाशी उभं करायचं आणि सगळं सांगायचं, ताप, सलाईन, राहून गेलेलं औषध, आपली झालेली चूकसुद्धा. जाणारीने लपवलं तर पेशंट येणारीच्या हातात दगावतो. घाईबाईने इतक्या वर्षांत चार्ज देताना कधी काही गिळलं नव्हतं. तिचं तोंड उघडलं ते आपोआपच.

"खोली जुनी आहे," ती म्हणाली. "ही भिंत ओली होते, खाट हिला लावू नका, बाबांना खोकला धरेल. नळाला पाणी सकाळी येतं, तेवढ्यात भरायचं. घरमालक गोड बोलतो, पण भाडं वाढवलंय त्याने."

नवरा खोकला. ती थांबली नाही.

"बाबांजवळ काकू वगैरे बसणार नाहीत. शेजारीण तुमच्याएवढीच थकून येते. ब्युरोची बाई ठेवावी लागेल. तिचे पैसे आणि हे भाडं, एवढ्यातच तुमचा पगार संपतो. सगळा. तुम्ही काय खाणार, बाबांची औषधं कशातून आणणार, मला माहीत नाही. मी हिशेब करून बघितला नाही, कारण मला बघायचा नव्हता."

गावाकडचीच्या हातातली टेप सुटली आणि खर्रकन आत गेली. ती खाटेवर बसली. तिचे डोळे भरून आले, पण आवाजात राग होता.

"फोनवर का नाही सांगितलंत? मी बाबांना सांगून बसले. रोज विचारतात, कधी जायचं म्हणून."

"मला इथून सुटायचं होतं म्हणून," घाईबाई म्हणाली. "तुम्ही अडकलात तरी चाललं असतं मला. आत्ता अर्ज काढेपर्यंत चालत होतं."

गावाकडचीने अर्जाची घडी घातली. चहाला तिने हात लावला नाही. दारात चपला घालताना एकदा मागे वळून बघितलं आणि जिना उतरली.

"घातलास ना गोंधळ!" नवरा ओरडला. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस! तिच्या बापाची दया आली, आणि तुझ्या पोरीचं काय?"

"तिचा बाप मेला असता हो इथे."

"आणि आपण?"

ती नुसती येरझारा घालत राहिली, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. नवरा उठला, खाटेखालचे ओले कपडे काढून एकेक दोरीवर घालू लागला. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, ओट्यावरच्या गार चहात बिस्कीट बुडवून खाल्लं आणि गृहपाठाला बसली.

घाईबाईने हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना फोन लावला. खाट होती, एकच शिल्लक होती. वॉर्डनबाई कामाचं माणूस, त्यांनी भराभरा प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, "बघा सिस्टर, आमचा नियम आहे. घरचे याच शहरात राहत असतील तर खाट मिळत नाही. तुमचं कुणी आहे का इथे?"

नवऱ्याचा हात दोरीवरच थांबला. समोर मुलगी पोटावर लोळून अक्षरं गिरवत होती, पाय हवेत हलवत.

"नाही," घाईबाई म्हणाली. "माझं इथे कुणी नाही."

मुलीचे पाय थांबले आणि तिने मान वर केली.