दाराजवळची दाद

दुपारी सव्वादोन ते साडेतीन ही दिपमालाची वेळ. दहा महिन्यांची जाई तेवढ्यात झोपायची, नवरा भूपेंद्र नरडाण्याला कंपनीत पहिल्या पाळीवर असायचा, आणि देवपुरातल्या त्या दोन खोल्यांत पंख्याशिवाय कुणाचा आवाज उरायचा नाही. बाकीच्या बाया या वेळेला पाठ टेकतात. दिपमाला कानाला हेडफोन लावून लॅपटॉपपुढे मांडी घालायची आणि दुसऱ्यांच्या जुन्या कॅसेटी धुवायची.

‘धुवायची’ हा शब्द भूपेंद्रचा. “सकाळी दुपटी, दुपारी कॅसेटी,” तो म्हणायचा. “तुझा बठ्ठा जन्म धुण्यातच जाणार.”

कॅसेटी होत्या पहिल्या रविवारच्या बैठकीतल्या लोकांच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शेजारच्या रुपचंदनानांच्या पुढच्या खोलीत आठ-दहा कानसेन जमत. कुणीतरी एक ध्वनिमुद्रण आणायचं, बाकीच्यांनी हूं की चूं न करता ऐकायचं, आणि संपल्यावर प्रत्येकाने आपली जागा सांगायची. जागा म्हणजे गाण्यातला तो एवढासा तुकडा, जिथे आपलं काळीज हललं. एकाने एकच सांगायची. “सगळंच छान होतं” म्हणणाऱ्याला नाना चहा देत नसत. शाळेत गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मोघम उत्तर त्यांना खपायचं नाही.

जाई झाल्यापासून दिपमालाला सलग तासभर ऐकणं जमेना. अर्धा आलाप झाला की पाळणा हलवा, विलंबित संपायच्या आत वरणाची शिट्टी. आपला कान बोथट होतोय की काय, अशी तिला धास्ती होती. म्हणून तिने हे काम मागून घेतलं होतं. कॅसेट लॅपटॉपवर उतरवायची आणि खरखर, खोकले, खुर्च्यांची ओढाताण एकेक करून काढायची. निदान कान वापरात तरी राहील.

या महिन्यात तिच्याकडे आली ती नासीरचाचांची कॅसेट. चाचांचं जुन्या धुळ्यात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान. १९८९च्या हिवाळ्यात बऱ्हाणपूरचे एक बुवा आपली पेटी घेऊन त्यांच्याकडे आले होते. सूर लावून झाले, तेव्हा पेटी कशी बोलते हे बघायला म्हणून ते तिथेच लाकडाच्या भुशात बसून गायला लागले; बसलेल्यांपैकी कुणी तंबोरा धरला, कुणी तबला, आणि बुवा भर दुपारी चाळीस मिनिटं मुलतानी राग गायले. दुकानात तेव्हा दोन टेपरेकॉर्डर चालू होते. एक चाचांचा, घरात जायच्या दाराशी कपाटावर. दुसरा जळगावच्या भाईदासआबांचा, थेट बुवांच्या गुडघ्याशी. बुवा पुढे वर्षभरात वारले. त्यांचं गाणं उरलं ते या दोन कॅसेटींतच.

धुळ्याचा मुलतानी सरस की जळगावचा, हा वाद पस्तीस वर्षं चालू होता. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या दोघांनीही एकमेकांची कॅसेट ऐकलेली नव्हती. आबा कॅसेट घराबाहेर जाऊ देत नसत आणि एकमेकांच्या घरी ऐकायला दोघांपैकी कुणीच जात नसे.

“फीत चिकटायला लागली आहे, बेटी,” कॅसेट देताना चाचा म्हणाले होते. “एकदा चालेल, दुसऱ्यांदा चालेल असं वाटत नाही. एकदाच सगळं उतरवून घे.”

आणि झालंही तसंच. शेवटची तिहाई संपली आणि टेपमध्ये फीत गुंडाळली गेली. तिचा चुरगळा चाचांनाही सोडवता आला नाही. पण गाणं लॅपटॉपवर आलं होतं. बारा दुपारी लावून दिपमालाने ते लख्ख केलं. सुरुवातीच्या आलापात मध्येच कपबशा वाजत होत्या आणि एक बाई काहीतरी बोलत होती. तो दीड सेकंद तिने इतक्या सफाईने पुसला की तिथे आता फक्त तंबोरा होता. मग लॅपटॉपमध्ये जाईच्या चित्रफितींना जागा पुरेना म्हणून तिने मूळ नक्कल काढून टाकली. साफ केलेलं हाताशी असताना मळकं कशाला ठेवायचं?

रविवारी जाईला मांडीवर घेऊन तिने ते लावलं. बैठक डोलली. नाना म्हणाले, “पोरी, बुवा आत्ता इथे बसून गायल्यासारखे वाटतात गं!” एकेकाने जागा सांगितली. चाचांची पाळी आली. त्यांची जागा सगळ्यांना पाठ होती. बुवा मंद्र निषादावर थांबतात, थांबूनच राहतात, आणि मग अलगद षड्जावर येतात, ती. पस्तीस वर्षांत चाचांनी दुसरी सांगितली नव्हती.

“आज राहू द्या,” चाचा म्हणाले. चहा तसाच ठेवून ते चपला घालू लागले.

दिपमाला मागोमाग ओट्यावर गेली. “चाचा, काही चुकलं का?”

“नाही नाही. फार मेहनत केलीस.” ते चपलेकडेच बघत होते. “निषादावर बुवा थांबतात ना, तिथे कुणीतरी बोलायचं.”

“हो, एका बाईचा आवाज होता. मी काढला तो.”

“खातून होती ती.”

चाचांच्या बायकोला, खातूनचाचींना, जाऊन तीन वर्षं झाली होती.

“चहा घेऊन दारात आली होती,” चाचा सांगू लागले. “गाण्यातलं तिला काही कळायचं नाही, पण तिथे तिच्या तोंडून निघून गेलं, ‘हाय अल्ला!’ भाईदासने अशी काही मान वळवून बघितलं तिच्याकडे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून आत गेलो आणि तिला बोललो. म्हटलं, तुला काय कळतं यातलं? रेकॉर्डिंग नासवलंस. त्यानंतर ती कधी गाण्याला दारात आली नाही.” त्यांनी चप्पल नीट केली. “तिचा आवाज तेवढाच होता माझ्याकडे. लग्नाच्या फोटोत आवाज नसतो ना.”

“माझ्याकडून पुसला गेला तो, चाचा. मूळ नक्कलही उरली नाही.”

“तुला कुठे माहीत होतं? मी कधी कुणाला सांगितलं? सगळ्यांना वाटायचं, नासीर बुवांच्या निषादावर फिदा आहे.” ते जरासे हसले आणि पायऱ्या उतरले.

त्या आठवड्यात लॅपटॉप बंदच राहिला. दुपारी जाई झोपायची आणि दिपमाला तिच्याकडे बघत बसायची. एवढी बारा दुपारी आपण कान लावून बसलो, आणि ऐकलं काय? शुक्रवारी तिने भूपेंद्रला सांगितलं, “मी उद्या जळगावला जाते. भाईदासआबांकडे.”

“पोरीला घेऊन? एसटीत?”

“हो. त्यांच्या कॅसेटमध्ये चाचींचा आवाज असेल कदाचित.”

“आणि नसला तर?”

“नसला तर नाही म्हणून कळेल.”

भूपेंद्रने डोकं खाजवलं. मग सुट्टीची चिठ्ठी टाकून तोही निघाला. पारोळा, एरंडोल करत अडीच तासांनी जळगाव आलं, तोवर जाईने दोघांच्याही अंगावर बिस्किटं चुरून ठेवली होती.

भाईदासआबांचं घर म्हणजे कॅसेटींचं गोदाम. आबा गुडघ्याला पट्टा बांधून पलंगावर बसले होते. “ये वं दिपमाला. जावई, तुम्हीबी बसा. पण पहिलेच सांगी ठेवस, कॅसेट मी कोणलेच देत नई. आठेच बस नि ऐक.”

“इथेच ऐकते, आबा.”

आबांनी मोठाल्या स्पीकरवर मुलतानी लावला. आवाज किती जवळचा होता! बुवांच्या श्वासाचीसुद्धा चाहूल लागत होती. निषाद आला. बुवा थांबले. बाईचा आवाज नव्हता. पण थांबण्याच्या शेवटी षड्जावर येऊन बुवा हळूच, हसऱ्या आवाजात म्हणाले, “घ्या, परत एकदा.” आणि तोच निषाद, तेच थांबणं, तोच षड्ज त्यांनी पुन्हा घेतला.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “ऐकलं? माले म्हनाले. मी गुडघ्याशीच होतो ना. बुवांनी खास माझ्यासाठी परत घेतलं. नासीरना कॅसेटमध्ये हाई नई सापडाव.”

खरंच नव्हतं. पुन्हा घेतलेली ती जागा धुळ्याच्या कॅसेटमध्ये होती, पण बुवांचे हे शब्द दारापर्यंत पोचले नव्हते.

“आबा, हेडफोन लावून एकदा ऐकू?”

ती डोळे मिटून बसली. जाई भूपेंद्रच्या खांद्यावर कुरकुरत होती, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. तंबोऱ्याच्या मागे, लांब, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखी एक कपबशी किणकिणली. मग एक बाई म्हणाली, “हाय अल्ला!” आणि त्यावर लगेच बुवा, “घ्या, परत एकदा.”

तिने ते चारदा ऐकलं. मग हेडफोन काढून आबांकडे बघितलं. म्हातारा इतकी वर्षं बुवांच्या त्या तीन शब्दांवर जगत होता. सांगू नये, असं एक मन म्हणालं. पण ऐकू आलेलं काढून टाकायचं काम तिने एकदा केलं होतं; ते पुन्हा करायचं नव्हतं.

“आबा, तुम्ही तेव्हा दाद दिली होती का? तोंडाने?”

“छे! रेकॉर्डिंग चालू असताना? मी बसलेलो गप.”

“मग बुवा कुणाला घ्या म्हणाले?” तिने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि फीत मागे नेली.

आबांचा चेहरा ती बघत राहिली. आधी मिशीवरचा हात खाली आला. मग कपाळाला आठी पडली. मग आठीही गेली. त्यांनी स्वतःच फीत पुन्हा मागे घेतली. तोवर जाई झोपली.

“नासीरनी घरवाली,” आबा शेवटी म्हणाले. “मी डोळे काढले होते तिच्याकडे, आठवस माले. आणि बुवा...” त्यांनी बटण दाबून कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली, डबी रुमालात बांधली. दिपमालाने हात पुढे केला, तर त्यांनी ती आपल्याच खिशात ठेवली. “मी येस. पुढला रविवारले. गुडघा गया खड्ड्यात.”

पुढचा रविवार बैठकीचा नव्हता, तरी नानांनी सगळ्यांना बोलावलं. भाईदासआबा भाच्याच्या गाडीतून आले. त्यांना आणि नासीरचाचांना एका खोलीत बसलेलं बघून नाना म्हणाले, “आता पंचायत बसवू का गाणं ऐकू?”

“गाणं,” आबा म्हणाले.

दिपमालाने आबांची कॅसेट टेपमध्ये घातली आणि चाचांच्या कानांवर हेडफोन लावले. बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त चाचा दिसत होते. पांढरी दाढी, गुडघ्यावर उताणा पडलेला हात. एका क्षणी त्या हाताची बोटं मिटली. मग चाचांनी एकदम मान वर करून आबांकडे बघितलं.

“मी समजत होतो, माले म्हनाले,” आबा म्हणाले. “पस्तीस वर्षं गावभर सांगत फिरलो. नासीर, ती जागा मनी नई. ती भाभीनी शे.”

चाचांनी एक कान मोकळा केला. “तिला म्हटलं होतं मी, तुला काय कळतं.” ते आबांना सांगत होते की स्वतःला, कळेना. “आणि तिने एक शब्द टाकला, तर बुवांनी गाणं थांबवून तिला परत गाऊन दिलं.”

“घरात जाऊन तू तिला रागावत होतास, तेव्हाच,” आबा म्हणाले.

“हां. तेव्हाच. म्हणून बुवा तिला म्हणाले ते मी ऐकलं नाही, आणि परत गायले तेव्हाही मी बाहेर नव्हतो.”

दिपमालाने हात बटणाकडे नेला. “चाचा, मागे घेऊ? परत ऐकायचं?”

चाचांनी मान हलवली. “नको, बेटी. घरी मी दर वेळी तिथपर्यंतच ऐकायचो आणि मागे घ्यायचो. पुढे बुवा काय गायले, ते मी धड ऐकलंच नाही कधी.” त्यांनी हेडफोनची वायर हळूच ओढून काढली, तसा मुलतानी खोलीभर पसरला. “असं चालू दे. सगळ्यांना ऐकू दे.”

बुवा विलंबितात शिरले. नानांनी पाय आखडून आबांना टेकायला जागा करून दिली.